तेल घालणाऱ्यांचा इतिहास

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपल्याला साधारण माहीत असते. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. पुढे १९४१ साली याच घराण्याच्या उद्योगातून हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथे लेथ बनू लागले. तो कारखाना बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. त्याचे लेथ मात्र अजून चालतात. बनवणारा गेला तरी यंत्र कसं टिकलं?

याचं उत्तर मला नवी मुंबईत मिळालं. हे शहर वसवणारं सिडको १९७० सालचं. एमआयडीसी त्याआधीची, १९६२ची. त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यात आधी कारखाने आले, शहर नंतर. मी महाप्यातल्या एका काचेच्या इमारतीत कोड लिहितो. मागच्याच गल्लीत मशीनशॉपचे गाळे आहेत. त्यातल्या एका गाळ्यात हरिहरचा लेथ आहे.

तो चालवणारे काका सकाळी आल्या आल्या बटण दाबत नाहीत. आधी ब्रशने लोखंडाचा कीस झाडतात. हवेचा पाइप मारत नाहीत, कारण झोताबरोबर बारीक कीस सरकत्या भागांच्या फटीत शिरतो. मग बिडाचा बेड फडक्याने पुसून त्यावर तेलाचा हात फिरवतात. हेडस्टॉकच्या काचेत तेलाची पातळी बघतात. क्रॉस स्लाइड, लीड स्क्रू, टेलस्टॉक, प्रत्येकाला थोडं थोडं तेल. संध्याकाळी पुन्हा पुसणं, पुन्हा तेल. खाडीच्या दमट हवेत उघड्या बिडावर गंज चढायला वेळ लागत नाही.

"एक दिवस नाही केलं तर?" मी विचारलं.

"काहीच होणार नाही," काका म्हणाले. "म्हणून तर लोक करत नाहीत."

होतं ते काही वर्षांनी. बहुतेक काम चकाजवळ होतं, त्यामुळे बेड तिथेच जास्त झिजतो. मग सरळ कापलेला दांडा एका टोकाला जाड निघतो. तोवर दोष कुणाचा, हे शोधण्यात अर्थ उरलेला नसतो.

तेल नेमकं काय करतं, हे जगालाही उशिराच कळलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर रेल्वेच्या आसांसाठी बेअरिंगचे प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून तेलच वर येऊ लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली. तेलाने तीही बाहेर ढकलली. फिरणारा आस तेलाला ओढून स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मधल्या फटीत नेतो आणि तो पातळ थर दोघांना वेगळं ठेवतो. धातू धातूला लागतच नाही. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. आमच्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण लावणाऱ्यांना हे गणित माहीत नव्हतं. वंगण नसलं की चाक कुरकुरतं, इतकं पक्कं माहीत होतं.

१९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला सांगितलं, की घर्षण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील. 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द याच अहवालाने रूढ केला. रोजच्या तेल-फडक्याला शास्त्राचं नाव मिळालं, ते नुकसानीचा आकडा समोर आल्यावर.

आमच्या क्षेत्रातही हेच. नवं फीचर आलं की टाळ्या वाजतात. रात्री सर्व्हर पडला नाही म्हणून कुणी कुणाचं अभिनंदन करत नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठे करणार?

काका करतात. गाळ्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, हेडस्टॉकचं तेल बदललं त्या तारखेभोवती पेनाने गोल काढलेला असतो. या लेथचा खरा इतिहास तोच. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं. मागच्या वर्षीचं मी मागून घेतलं आहे.