आत्मरती : स्वभावापासून विकारापर्यंत
स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक पुराणकथेतील नार्सिससचा दाखला १८९८ मध्ये हॅवलॉक एलिस यांनी मानसशास्त्रीय लेखनात दिला, तर १९१४ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी आत्मरती, म्हणजे स्वतःवर केंद्रित झालेले प्रेम, ही काही अंशी प्रत्येकाच्या मानसिक वाढीतील स्वाभाविक बाब मानली. पुढे व्हिएन्नात जन्मून अमेरिकेत स्थिरावलेल्या दोन मनोविश्लेषकांपैकी हाइन्झ कोहुट यांनी तिच्या विकृत रूपाचे मूळ बालपणी न लाभलेल्या समजूतदार प्रतिसादात शोधले, तर ऑटो कर्नबर्ग यांनी त्यामागील आक्रमकतेवर भर दिला. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने या विकृत रूपाला व्यक्तिमत्त्वविकाराचे स्थान दिले. आज त्या पुस्तिकेनुसार कौतुकाची हाव, सहानुभूतीचा अभाव अशा नऊ निकषांपैकी किमान पाच तारुण्यापासून सातत्याने आढळल्यासच हे निदान होते. म्हणून केवळ बढाईखोर माणसाला विकारग्रस्त ठरवणे अन्यायाचे आहे.