कडू घोटाची कुळकथा

दोन वर्षांमागे आमच्या सुनेनं घरात हिरव्या चहाचा डबा आणला. "आई, यात दूध नको, साखर नको. हृदयाला चांगला असतो म्हणे." झालं! सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचं आणि लगेच वर हा कडू घोट घ्यायचा, असा माझा नेमच पडला. पुढे तपासणीत रक्त कमी निघालं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "चहा कधी घेता?" मी चकित झाले. चांगली म्हणून घेतलेली वस्तू आड कशी आली? तेव्हापासून या चहाची कुळकथा शोधायचा मला नाद लागला.

हिरव्या चहाचं झाड काही वेगळं नसतं. आपल्या नेहमीच्या चहाचंच ते झाड. पान खुडल्यावर लगेच त्याला वाफ किंवा कढईची आच दिली की ते हिरवं राहतं. तसं न करता मळून ठेवलं की काळपट होतं. चीनमध्ये लू यू यांनी आठव्या शतकातच चहावर ग्रंथ लिहिला होता. जपानमध्ये मात्र चहाचा बोलबाला केला तो एइसाई या झेन भिक्षूंनी. चीनहून ते ११९१ साली परतले, ते चहाच्या बिया घेऊनच. १२११ मध्ये त्यांनी चहा आणि आरोग्य यांवर पुस्तक लिहिलं. शरीराच्या पाच अवयवांना पाच रस लागतात, हृदयाला कडू रस लागतो आणि तोच आपण खात नाही, असं त्यांचं म्हणणं. वाचताना मला माझ्या सासूबाईंची कारल्याची भाजी आठवली! १२१४ मध्ये शोगुन सानेतोमो मद्य जास्त झाल्यानं बेजार होते, तेव्हा एइसाईंनी त्यांना चहा दिला आणि सोबत पुस्तकही. म्हणजे दरबारात चहाचं नाव झालं ते मद्याच्या उताऱ्यामुळे.

पण पानात नेमकं आहे काय, हे कळायला सातशे वर्षं जावी लागली. आणि ते शोधणाऱ्यांत एक बाई होती, हे वाचून माझा ऊर भरून आला. मिचियो त्सुजिमुरा, जन्म १८८८. होक्काइदोच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून त्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून राहिल्या. पुढे टोकियोला गेल्या, तर १९२३ च्या भूकंपात तिथली प्रयोगशाळाच गेली. बाई खचल्या नाहीत. दुसऱ्या संस्थेत जाऊन १९२४ मध्ये सहकाऱ्यासोबत त्यांनी हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. १९२९ मध्ये चहाला कडसर-तुरट चव देणारं कॅटेचिन वेगळं काढलं. १९३२ मध्ये त्या जपानमधल्या कृषिशास्त्रातल्या पहिल्या महिला डॉक्टर झाल्या.

आज ज्या गुणांची जाहिरात होते, त्यांतले बरेचसे या कॅटेचिनच्या नावावर आहेत. २००६ मध्ये जपानमधल्या चाळीस हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज पाच किंवा जास्त कप घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातानं होणारे मृत्यू कमी दिसले, बायकांमध्ये तर अधिकच कमी. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. शिवाय ही नुसती पाहणी. चहामुळेच असं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता माझ्या रक्ताची गोष्ट. चहातली हीच तुरट द्रव्यं भाजी-डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. आपण शाकाहारी, आपलं सारं लोह मेथीतून, मटकीतून, नाचणीतून येणार. त्यात उपवास, एकाशन. त्यावर जेवताजेवता चहा ओतला तर पानातलं लोह वायाच जायचं की!

मी चहा सोडला नाही, वेळ बदलली. आता जेवणापासून तासभर तरी दूर, दुपारी एक कप. जेवणावर लिंबू पिळते, त्यानं लोह चांगलं लागतं. औषधाच्या गोळ्या घेतल्या त्या वेगळ्याच. बायांनो, एखाद्या वस्तूचे गुण कुणी सांगितले तर ऐका जरूर. पण ती कधी घ्यायची आणि किती, हेही विचारा. मिचियोबाईंनी जन्मभर तेच केलं, पान पारखून घेतलं.