डर्मॉइड गाठ: निरुपद्रवी, तरीही नजर हवी
अंडाशयातील डर्मॉइड गाठ बहुधा तरुण वयात आढळते व निरुपद्रवी असते. बीजपेशींपासून निर्माण होत असल्याने तिच्यात केस, चरबी, क्वचित दातही सापडतात. अशा शंभर गाठींपैकी जेमतेम एक-दोन गाठींत पुढे कर्करोग उद्भवतो; तो बहुतांशी त्वचेसारख्या अस्तरातील पेशींचा, म्हणजे 'स्क्वॅमस सेल' प्रकारचा असतो. रजोनिवृत्तीनंतरचे वय, १० सेंटिमीटरहून मोठा आकार आणि झपाट्याने होणारी वाढ ही धोक्याची चिन्हे होत. लक्षणे साध्या गाठीसारखीच असल्याने निदान बहुधा शस्त्रक्रियेनंतर, काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतच होते. रोग अंडाशयापुरताच असताना गाठ न फुटता निघाल्यास बरे होण्याची शक्यता चांगली असते. तो पसरल्यावर ती बरीच घटते. म्हणूनच जुनी गाठ दुखत नाही, एवढ्यावरून डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी टाळू नये.