वाळुंजाची साल आणि कुजलेला चारा

ज्या दलदलीत हिवताप माजतो तिथेच त्याचे औषधही ईश्वराने पेरून ठेवलेले असणार, अशा श्रद्धेने इंग्लंडातील चिपिंग नॉर्टन गावी राहणाऱ्या एडवर्ड स्टोन नामक पाद्र्याने आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातील एका झाडाची साल चाखली, ती हिवतापावर देत असत त्या सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागताच पाववाल्याच्या भट्टीला टांगून तीन महिन्यांहून अधिक काळ वाळविली, तिचे चूर्ण सुमारे पन्नास रोग्यांना दिले, आणि १७६३ साली तो सारा वृत्तान्त रॉयल सोसायटीला कळविला. तर्क भ्रामक, पण गुण खरा, असे योग वैद्यकात थोडे नाहीत. पुढे १८२८ मध्ये म्यूनिकच्या बुख्नरने सालीचे सत्त्व काढले, त्यातून सॅलिसिलिक आम्ल निघाले, आणि १८९९ मध्ये बायर कंपनीने त्या आम्लाचेच एक सुधारित रूप ‘अ‍ॅस्पिरिन’ या नावाने नोंदविले. १९१५ पासून ते डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळू लागले.

गोळी आणि वनस्पती यांचे रक्ताशी असलेले जुने नाते उघड झाले ते मात्र गोठ्यात. १९२० नंतर उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हरचा चारा खाणारी गुरे शिंगे छाटण्यासारख्या किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरू लागली. दोष ताज्या चाऱ्याचा नसून बुरशी येऊन कुजलेल्याचा आहे, हे कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड याने दाखविले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा डबा आणि तोच चारा मालमोटारीत घालून, हिमवादळातून जवळजवळ दोनशे मैल तुडवीत मॅडिसनच्या विद्यापीठात आला, आणि कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने सहा वर्षे खपून त्या चाऱ्यातले रक्त गोठू न देणारे द्रव्य, डायकूमरॉल, वेगळे केले. त्याचे विघटन होता हाती काय यावे, तर सॅलिसिलिक आम्ल! ते उंदरांना देताच त्यांचीही रक्त गोठण्याची शक्ती उणावली, आणि व्हिटॅमिन ‘के’ने ती राखता आली, हे १९४३ साली प्रसिद्ध झाले.

माणसाच्या नेहमीच्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन मुख्यतः निराळ्या मार्गाने, रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देऊन, रक्तस्राव वाढविते. लसणीच्या अर्काचाही प्लेटलेटवर असाच अंमल प्रयोगशाळेत आढळला आहे. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी काढे आणि लसणीच्या कॅप्सुला यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते, कारण ‘औषधे कोणती घेता?’ असे विचारले की रोगी गोळ्या तेवढ्या सांगतो. काढा त्याच्या हिशेबी स्वयंपाकघराच्या खाती जमा असतो.