राजाश्रय आणि लोखंडी नांगर

१/ उद्योगातील नवनिर्मिती सत्ताधाऱ्यांच्या ओळखीतून जन्मते, की उद्योजकाच्या स्वभावातून? लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या (१८६९–१९५६) चरित्रात या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

२/ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाली. मानी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावासोबतच्या सायकलच्या दुकानात लक्ष घातले.

३/ तेथेच छोटा कारखाना उभा राहिला. आधी कडबा कापण्याचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. परंतु लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात पाठीशी कोणताही राजा नव्हता. होती ती केवळ चिकाटी.

४/ आणि सत्तेचा पहिला अनुभव आला तो प्रतिकूल. बेळगाव नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. नांगर तयार होता, पण तो घडवायला जागाच उरली नाही.

५/ या वेळी स्नेह कामी आला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, तर लक्ष्मणरावांनीही तरुणपणी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. राजांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले.

६/ १९१० मध्ये त्या ओसाड, निवडुंगांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. रेल्वे जवळ असल्याने कच्चा माल आणणे व नांगर दूरवर पाठवणे सुकर झाले. कारखान्याभोवती कामगारांची वसाहतही उभी राहिली.

७/ पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या, असे सांगितले जाते. युद्धाची आयुधे वितळवून शेतीची अवजारे घडली.

८/ आता कालक्रम पुन्हा पाहा. नांगर १९१० च्या आधीचा, राजाश्रय नंतरचा. म्हणजे राजाश्रयाने कल्पना दिली नाही. नगरपालिकेच्या एका निर्णयाने जी कल्पना मातीमोल झाली असती, ती त्याने वाचवली.

९/ मात्र राजाची मर्जी शेतकऱ्याला नांगर विकत घ्यायला लावू शकत नाही. तो विश्वास लक्ष्मणरावांनी औंधला येण्यापूर्वीच, एकेक नांगर विकून, कमावला होता. म्हणूनच राजांनी दिलेली जमीन आणि पैसा सत्कारणी लागला.