तारेवरचा पत्ता आणि दारावरचा पहारा

शाळेच्या संगणक-खोलीत हिरवे दिवे लुकलुकणारी एक चपटी पेटी आपण पाहिली असेल. तिला स्विच म्हणतात. कोणता निरोप कोणत्या तारेने धाडायचा, हे ती ठरवते; आणि पुष्कळ ठिकाणी तिला दारावर पहाऱ्यालाही बसवतात. हे दुसरं काम तिच्या गळ्यात कसं पडलं, ते आज पाहू.

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची योजना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती उभी केली. एकच केबल, सारी यंत्रं तिलाच जोडलेली. एकानं बोलायचं, सर्वांनी ऐकायचं, नि ज्याच्या नावे निरोप असेल त्यानं तो घ्यायचा. दवंडीच म्हणा ना! आरंभी पत्ता ८ बिटांचा, म्हणजे २५६ पत्त्यांपुरताच होता. १९८० साली डिजिटल, इंटेल व झेरॉक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या मानकात तो ४८ बिटांचा झाला. पहिला अर्धा भाग कारखानदाराचा, उरलेला यंत्राचा. जगात दोन यंत्रांचं नाव एक होऊ नये, एवढाच हेतू. चोर ओळखण्याचा विचार त्यात नव्हता.

१९९० साली ‘कल्पना’ नावाच्या कंपनीनं सात तारांचा ईथरनेट-स्विच बाजारात आणला. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे मूळचे भारतीय. पत्नीचंच नाव त्यांनी कंपनीला दिलं होतं. स्विच करतो काय, तर येणाऱ्या प्रत्येक निरोपावरचा धाडणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि कोण कोणत्या दाराशी आहे, याची वही ठेवतो. दवंडी गेली, टपाल आलं.

पण वहीची पानं मोजकी. १९९९ साली ‘मॅकऑफ’ नावाची एक आज्ञावली निघाली. ती खोट्या पत्त्यांचा असा भडिमार करी की वही भरून जाई, आणि अनोळखी निरोप स्विच पुन्हा सर्वांना ओरडून सांगू लागे. यावर उपाय सोपा: एका दारामागे अमुक इतकेच पत्ते, जास्त आले की दार बंद. हा उपाय मला पटतो.

ठरावीक पत्त्यांनाच आत घेण्याची यादी मात्र लंगडी. पत्ता प्रत्येक निरोपावर उघडाच लिहिलेला असतो, आणि आज्ञावलीनं तो बदलताही येतो. २००१ सालच्या ८०२.१एक्स या मानकानं म्हणूनच आधी परवलीचा शब्द किंवा दाखला मागण्याची सोय केली. शिक्षकबंधूंनी पेटी घेतानाच विचारावं. स्वस्त पेटीत यातलं बहुधा काहीच नसतं.