प्रवाळरोग (घरगुती टाकीतील)

प्रवाळरोग : खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळलेल्या प्रवाळांच्या ऊतींची झीज, विरंजन किंवा विकृत वाढ घडवणारे विकार.

बहुतेकांचे मूळ पाण्यात असते. तापमान (साधारण २४–२६° से.), लवणता (दर हजारी ३५ भाग) किंवा क्षारता अचानक बदलली, की ऊतींतील सहजीवी शैवले (पहा : सहजीवन) बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे होते. जीवाणू, आदिजीव व चपटे कृमी बहुधा नव्या तुकड्याबरोबर टाकीत शिरतात.

शीघ्र ऊतिक्षयात फांदीवरची मऊ ऊती सालीसारखी सुटते. काही तासांत सांगाडा उघडा पडतो. तपकिरी बुळबुळीत रोगात मेलेल्या ऊतींवर चिकट थर साचतो. तो पाण्यात पसरू न देता नळीने ओढून काढतात, निरोगी भाग कापून वेगळा करतात आणि आयोडीनयुक्त द्रावणात थोडा वेळ बुडवून निराळ्या टाकीत ठेवतात. मुख्य टाकीत प्रतिजैविक ओतल्यास अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जीवाणू मरू शकतात (पहा : नायट्रोजन चक्र). नवा तुकडा काही आठवडे विलग ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय.

महाराष्ट्रात मालवण सागरी अभयारण्यातील (स्थापना १९८७) टर्बिनारिया प्रवाळांवर सांगाड्याच्या विकृत गाठी नोंदल्या गेल्या आहेत. तेथे विरंजनही आढळले आहे. समुद्रातील वसाहतीला विलग करता येत नाही, त्यामुळे टाकीतील उपचार तेथे जवळपास निरुपयोगी ठरतात. कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून ते समुद्रातून तोडणे गुन्हा आहे (पहा : आंग्रिया बँक, प्रवाळभित्ती).